गोव्याच्या सावलीत लाल पानं: काय लावावं, काय टाळावं

माझा मावसभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने आपलं परस दाखवलं. सफरचंदाच्या झाडाखाली, आपल्याकडे जिथे पालापाचोळा आणि फार तर तेरें, म्हणजे रानअळू, दिसेल, तिथे तळहाताएवढ्या पानांचे गोल झुबके बसले होते. एक कोकमाच्या आगळाच्या रंगाचा, दुसरा पिकल्या जांभळाच्या सालीसारखा, तिसरा विटकरी. "कोरल बेल्स म्हणतात याला. काहीच करावं लागत नाही," तो म्हणाला.

माझ्या फोंड्याच्या घरामागे दोन आंबे आणि एक फणस आहे. खाली कायमची सावली. तो झुबका डोक्यातून जाईना. ऑनलाइन शोधून तीन रोपं मागवली. नोव्हेंबरात आली, मार्चपर्यंत डौलात राहिली, मे महिन्यात मलूल झाली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका झाडाला सहज हात लावला, तर अख्खा झुबका हातात आला. खाली मूळ नव्हतं, नुसता कुजका चिखल. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं, "पाणी जास्त घातलंत." मी एक थेंब घातला नव्हता, सगळं आभाळाने घातलं होतं.

तेव्हापासून सावलीतल्या लाल पानांचा नाद लागला तो लागलाच. गोव्यात नव्याने बाग करणाऱ्यांनी तीच फजिती पुन्हा विकत घेऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

आधी त्या परदेशी पाहुण्याबद्दल

कोरल बेल्सचं शास्त्रीय नाव ह्यूकेरा. विटेनबर्गचा वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ योहान हाइनरिश फॉन हॉइखर याच्यावरून लिनियसने ते दिलं. सगळ्या मूळ जाती उत्तर अमेरिकेतल्या: डोंगरउतारावर, खडकांच्या फटीत, पानगळीच्या रानात वाढणाऱ्या. याचं कूळ सॅक्सिफ्रेगेसी, म्हणजे शब्दशः 'दगड फोडणारं'. आपल्या आयुर्वेदातला हिमालयी पाषाणभेद याच कुळातला आहे, आणि त्याच्याही नावाचा अर्थ तोच. दोन टोकांच्या माणसांना दगडाच्या फटीतलं झाड बघून एकच शब्द सुचला, याची मला मोठी गंमत वाटते.

या गमतीत कामाची गोष्टही आहे. फटीतल्या झाडाच्या बुंध्याशी पाणी थांबत नाही आणि रात्री थंड असतात. ह्यूकेराला तेच लागतं. लंडनला वर्षाचा पाऊस साधारण ६०० मिलिमीटर पडतो. पणजीला एकट्या जुलैत त्याहून जास्त. गोव्याचा वर्षाचा पाऊस ३,००० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. शिवाय मेमधल्या रात्री पारा सहसा पंचविशीच्या खाली येत नाही. या झाडाची पानं जिथून फुटतात तो गड्डा मातीच्या अगदी पातळीवर असतो. तो दमट उकाड्यात एकदा भिजला की बुरशी धरतो. वरची पानं काही दिवस धडधाकट दिसतात, म्हणून उशिरा कळतं.

तरी हट्ट असेलच तर एक कुंडी करा, जमिनीत लावू नका. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या ह्यूकेरा विलोसा या जातीपासून केलेले वाण उकाडा जरा जास्त सोसतात, 'कॅरमेल' त्यातलाच. 'पॅलेस पर्पल' हा गडद जांभळट वाण जुना आणि नावाजलेला, १९९१ साली अमेरिकेत 'वर्षाचं बहुवर्षायू झाड' ठरलेला. मातीची कुंडी घ्या, गड्डा मातीच्या बोटभर वर ठेवा, फक्त सकाळचं कोवळं ऊन द्या आणि शेवंतीसारखा त्याला थंडीतला पाहुणा समजा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघून घ्यायचा. बियांच्या पाकिटावरचे लालभडक फोटो मात्र विसरा. नावाजलेले वाण टिश्यू कल्चरने (प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून) किंवा गड्डे फोडून वाढवतात, बीमधून आईसारखं पोर निघेलच असं नाही. आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला "बॅगेत दोन रोपं टाक" असं सांगू नका. २००३च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर जिवंत रोप देशात आणता येत नाही.

आता आपल्या बागेकडे येऊ.

सावली नुसती बघू नका, मोजा

नवखा माणूस इथेच फसतो. "माझ्याकडे सावली आहे" म्हणणं हे "माझ्याकडे मासे आहेत" म्हणण्यासारखं आहे. बांगडा की इसवण, ते सांगाल की नाही?

जुन्या आंब्या-फणसाखालची सावली बारमाही आणि दाट. तिथे भर दुपारी पुस्तक वाचता येतं, पण उन्हाचा कवडसा क्वचितच दिसतो. पोफळीखालची सावली वेगळीच असते: उंच, हलती, गाळलेली. आपलं कुळागर म्हणजे शेकडो वर्षं चालत आलेली सावलीची बागच. वर पोफळ आणि माड, मध्ये केळ आणि जायफळ, खोडावर मिरवेल, पायाशी हळद आणि आलं. लाल पानांना याहून चांगला उजेड नाही. तिसरी सावली भिंतीची, आणि चौथी बाल्कांवाची, म्हणजे घरापुढच्या ओसरीची, किंवा राजांगणाच्या, म्हणजे आतल्या चौकाच्या, पडवीची, जिथे उजेड बाजूने येतो पण पाऊस येत नाही.

भिंतीच्या सावलीबद्दल एक धडा मी रोपं जाळून शिकलो. इंग्रजी पुस्तकांत असतं की घराची उत्तर बाजू म्हणजे हमखास सावली. त्यांच्याकडे खरं आहे. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो, मग उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. म्हणजे मधले तीन महिने भर दुपारचं ऊन उत्तरेकडून येतं. जून-जुलैत ढग असतात, म्हणून कळत नाही. पण मेमध्ये आभाळ मोकळं, ऊन कडक, आणि डिसेंबरात गारेगार वाटलेली उत्तरेची भिंत तापलेली. तिथे लावलेली माझी पाच अग्लोनेमा (रंगीत पानांची सावलीतली झाडं, पुढे येतीलच) एका आठवड्यात पापडासारखी झाली.

म्हणून जागा ठरवण्यापूर्वी ती दोनदा तपासा, एकदा डिसेंबरात आणि एकदा मेमध्ये. सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार, या तीन वेळांना तिथे उभं राहून बघा. वर्षभर थांबायचं नसेल तर निदान मेमधला दिवस बघाच, कारण झाडं मारतो तो मे. सोपी खूण: दुपारी जमिनीपासून हातभर उंचीवर तळहात धरा. खाली हाताची सावली कडेसकट स्वच्छ पडली तर उजेड भरपूर, कडा पुसट असतील तर मध्यम, आणि सावली जाणवलीच नाही तर जागा दाट सावलीची.

हे मोजमाप लाल रंगासाठी जास्तच गरजेचं आहे. बहुतेक झाडांत पानाचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. उजेड फार कमी पडला तर झाड ते बनवण्यात हात आखडतं आणि खालचं हिरवं वर येतं. नर्सरीत रक्तासारखं लाल असलेलं झाड फणसाखाली सहा महिन्यांत शेवाळी होतं ते यामुळे. त्यात नर्सरीवाल्याचा दोष नसतो.

पागोळ्या आणि माती

दोन छोट्या गोष्टी, पण विसरलात तर सगळं फुकट.

कौलांच्या वळचणीखाली जिथे पागोळ्या पडतात, त्या रेषेत काही लावू नका. जुलैत तिथे खळगा पडतो, माती उडून पानांना चिकटते आणि रोपाची मुळं उघडी पडतात. ती रेष गोट्यांनी किंवा चिऱ्याच्या तुकड्यांनी भरून टाका आणि रोपं दीड हात आत किंवा बाहेर घ्या.

आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. सावलीतल्या बहुतेक लाल पानांना ती चालते. अडचण असते निचऱ्याची: वरून भुरभुरीत, पण वीतभर खाली कातळ किंवा तुडवून घट्ट झालेला थर. म्हणून खोल खणण्यापेक्षा वर चढा. एका चिऱ्याच्या उंचीचा वाफा करा. दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, आणि एक भाग नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे किंवा भरड वाळू. सोडण आधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्या. मोठ्या आंब्याच्या बुंध्याला मात्र मातीचा ढीग लावू नका, साल कुजते. मुळं तोडत खड्डेही खणू नका. तिथे कुंड्याच अर्ध्या पुरा, झाड खूश आणि तुम्हीही.

मातीबद्दल शंका असेल तर तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा. जुन्या गोव्याला एला इथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची किनारी शेतीसाठीची संस्थाही आहे. शोभेच्या झाडांबद्दल विचारायला लाजू नका.

मग लावायचं काय

कॅलेडियम. माझं पहिलं उत्तर कायम हेच. हे अळूच्या कुळातलं, मूळ दक्षिण अमेरिकेतलं, पण गोव्याचा पाऊस याला माहेरासारखा मानवतो. पहिल्या सरी पडल्या की जमिनीतून गुंडाळी वर येते आणि आठवड्याभरात बदामी पान उघडतं: मध्ये लाल, कडेला हिरवं, किंवा सगळं गुलाबी आणि शिरा लाल. ह्यूकेरा ज्या महिन्यांत कुजतो त्याच महिन्यांत हे नाचतं. मध्यम सावलीत रंग उत्तम, दाट सावलीत पानं लांब देठांची आणि लोळणारी होतात. रुंद बदामी पानांचे वाण सावलीला चांगले, अरुंद आणि झालरीच्या पानांचे थोडं ऊन सोसतात. चतुर्थीला पाहुणे येतात तेव्हा बाग ऐन रंगात असते, हा वरचा फायदा.

पण एक इशारा, आणि तो मी जरा दटावूनच देणार आहे. कॅलेडियम परसातल्या भाजीच्या अळवाजवळ लावू नका. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. खाजरं अळू आपण चिंच, आंबाडे घालून शिजवतो ती गोष्ट वेगळी. हे खायचं झाडच नाही. तोंड आणि घसा सुजतो. शहरातून नव्याने आलेला माणूस किंवा कामाला आलेली परगावची बाई हिरवट पानं बघून खुडून नेऊ शकते. आमच्या वाड्यावर असं होता होता राहिलं. सासूबाईंनी टोपलीत लाल शिर बघितली म्हणून. अग्लोनेमाची गोष्टही तीच. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं कुत्र्याचं पिल्लू असेल तर ही दोन्ही उंचावर ठेवा.

अग्लोनेमा, लाल जातीचं. नर्सरीत 'लिपस्टिक' म्हणून मिळतं. साधं हिरवं-चंदेरी अग्लोनेमा आपल्या आजीच्या काळापासून पडवीत आहे. लाल संकर मात्र इंडोनेशियात ग्रेगोरी हंबाली यांच्या कामातून पुढे आले. 'प्राइड ऑफ सुमात्रा' हा त्यांचा गाजलेला वाण. दमटपणा आवडतो, उकाडा चालतो. फक्त उघड्यावरचा सतत पाऊस नको, खोड मऊ पडतं. बाल्कांवाच्या सोप्याशेजारी, जिथे पावसाचे तुषार येतात पण सर येत नाही, ती याची जागा. बारा महिने रंग देणारं सावलीतलं दुसरं इतकं भरवशाचं झाड मला माहीत नाही. किंमत जास्त असते, पण फुटवे येतात. दोन वर्षांत एकाची चार होतात.

कॉर्डिलाइन. उंच, ताडासारख्या खोडाचं, लांब लाल-किरमिजी पानांचं. बाजारात याला सर्रास 'लाल ड्रेसिना' म्हणतात. ओळख पटवायची तर मूळ बघा: कॉर्डिलाइनचं पांढरं, ड्रेसिनाचं पिवळट-नारिंगी. कंबर ते डोक्याएवढी उंची हवी असेल, म्हणजे केळी आणि जमीन यांच्या मधली जागा भरायची असेल, तर हेच. गाळलेला उजेड लागतो. फणसाखाली याचा रंग विटतो. जूनमध्ये खोडाचे बोटभर तुकडे करून मातीवर आडवे अर्धे पुरले तरी फुटतात. कुळागराच्या बांधावर ओळीने लावलेलं कॉर्डिलाइन सकाळच्या तिरप्या उन्हात मागून बघा, काचेसारखं पेटतं.

हेमिग्राफिस. ह्यूकेराच्या सर्वांत जवळचा भास हवा असेल तर हे. जमिनीला धरून पसरतं. पान सुरकुतलेलं, वरून धातूसारखं राखाडी-जांभळं, खालून गडद किरमिजी. केरळात याला मुरिकूट्टी म्हणतात आणि जखमेवर पाला लावतात. आता शास्त्रज्ञ याला स्ट्रोबिलँथेस वंशात घालतात, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या कारवीचं हे चुलत भावंड. खरं तर ते पान बघितल्यावर नातं पटतं. पावसात कुजत नाही, पेऱ्यांना मुळं फुटतात, एका कुंडीतून वर्षात चटईएवढी जागा भरते. स्वस्त, सोशिक, आणि मला वाटतं गोव्यात सर्वांत कमी कदर झालेलं.

कोलियस सगळ्यांना माहीत आहे. पानओव्याचा नातलग, काडी पाण्यात ठेवली तरी मुळं सुटतात. सकाळचं दोन तास ऊन असेल तिथे बरा. फुलाचा तुरा दिसला की खुडा, नाही तर झाड लांबोडं होतं. जुलैच्या झडीत अर्ध्या फांद्या सडतात, म्हणून मेमध्येच दोन-चार काड्या छपराखाली राखून ठेवा.

रेक्स बेगोनिया मोहक आहे. पानावर चांदी, माणिक, काळं, सगळं एकत्र. मूळचा आपल्याच ईशान्य भारतातला. पण उघड्या पावसात पान कुजतं आणि मेमध्ये रुसतो. हौस असेल तर पडवीत, एकच कुंडी.

आणखी एक, ज्याला कोणी विचारत नाही: चिनी क्रोटन, एक्सोकॅरिया. कमरेएवढं झुडूप, पान वरून काळपट हिरवं, खालून थेट रक्तचंदनी. वाऱ्यावर हललं की दोन रंग उघडझाप करतात. मांडवीकाठच्या खाजणात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या दलदलीत, जो गेवा वाढतो त्याच वंशातलं हे. गेव्याप्रमाणेच चीक बाधतो, म्हणून छाटताना डोळे सांभाळा, हात धुवा.

आता टाळायचं काय. साधा क्रोटन आणि अकॅलिफा आपल्या प्रत्येक कुंपणाला आहेत, म्हणून नवखे लोक त्यांच्या फांद्या सावलीत खोचतात. ती उन्हाची झाडं, सावलीत हिरवी पडतात. आयरेसिन आणि लाल अल्टरनँथेरा ही आपल्या तांबड्या भाजीची कुळभावंडं. बिटासारखा लाल रंग, आणि तांबडी भाजी सावलीत कोण पेरतं? रिओ आणि जांभळी ट्रेडेस्कँशिया सावलीत जगतात खऱ्या, पण छाटलेले तुकडे व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी फेकू नका. पिवळ्या फुलाच्या वेडेलियाने पसरत जाऊन रस्त्याकडेचं काय केलं आहे ते बघताच आहोत.

लाल रंग दिसायला हवा

पहिल्या वर्षी मी सगळी गडद झाडं एकत्र लावली आणि मागे घराची चिऱ्याची भिंत. परिणाम? काही नाही. तांबडी भिंत, तांबडी जमीन, तांबडी पानं, आणि वर सावली. दहा पावलांवरून नुसता काळोख दिसायचा. स्विंडनच्या त्या झुबक्यांमागे हिरवी हिरवळ होती, हे मी विसरलोच होतो.

सावलीत गडद लाल काळा दिसतो. त्याच्या शेजारी काहीतरी उजळ हवंच: पांढरं कॅलेडियम, साधं नेचं, चंदेरी अग्लोनेमा. चिऱ्याची भिंत उघडी असेल तर मध्ये नेच्यांची एक ओळ घ्या. भिंत चुन्याची किंवा पिवळ्या रंगाची असेल तर गडद कॉर्डिलाइन थेट तिच्यासमोर. काळपट जांभळी पानं वाटेच्या काठाला, डोळ्याच्या जवळ. गुलाबी-लाल उजळ पानं लांब. आणि तीन-पाच झाडं एका जातीची मिळून लावा. एकेक जातीचं एकेक झाड लावलं की बाग नर्सरीच्या काउंटरसारखी दिसते.

विकत घेताना

कॅलेडियम जून-जुलैत, पान उघडल्यावरच घ्या. सुप्त गड्डा कोणत्या रंगाचा ते विकणाराही ठामपणे सांगू शकत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावसाच्या तोंडावर रोपं येतात. तिथे बोलणं होतं, शिकायला मिळतं. अग्लोनेमा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. रोप उचलून पानाच्या मागे बघा: कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, ते झाड घरी नेलं तर सगळ्या बागेत पाहुणचार. खोड बुंध्याशी दाबून बघा, मऊ लागलं तर खाली ठेवा. विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: हे झाड गेल्या पावसाळ्यात इथेच होतं का? होतं म्हणाला तर दहा रुपये जास्त द्या. बाहेरून गेल्या आठवड्यात ट्रकने आलेल्या झाडाला गोवा अजून कळायचा असतो.

लावणी आणि पुढचं वर्ष

लावायची वेळ जूनची पहिली झोड ओसरल्यावर, किंवा सप्टेंबरात. गड्डा आणि बुंधा मूळ कुंडीत होता त्याच पातळीवर ठेवा, खोल पुरू नका. वर पालापाचोळा घाला पण खोडाला बोटभर जागा सोडा. पावसाळ्यात खत नको, वाहून जातं. ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत मूठ-मूठ गांडूळखत पुरे. युरियाचा हात सैल सोडलात तर पानं मोठी होतील आणि हिरवी होतील.

डिसेंबर ते मे पाणी सकाळी, मुळाशी. एप्रिलमध्ये पानांच्या मागे बारीक जाळं आणि धुळीसारखे ठिपके दिसले तर ती कोळी-कीड (माइट). दोन-तीन दिवस पाण्याच्या फवाऱ्याने पानाची मागची बाजू धुवा. कुंडीखालच्या बशा पावसात काढून ठेवा, डासांना आपण आधीच पुरेशी घरं दिली आहेत.

पावसाळ्यातला खरा शत्रू गोगलगाय, त्यातही मुठीएवढी आफ्रिकन. कॅलेडियमचं पान रात्रीत चाळण होतं. मी वाफ्याच्या कडेला ओलं गोणपाट पसरतो, त्याखाली पपईची पानं. रात्री नऊला टॉर्च घेऊन उचलायचं, पंधरा-वीस सहज सापडतात. उघड्या हाताने मात्र नको. या गोगलगायी माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारा कृमी वाहून नेऊ शकतात. हातमोजे किंवा चिमटा, आणि मिठाच्या पाण्याची बादली. मीठ थेट वाफ्यात टाकू नका, माती बिघडते.

नोव्हेंबरात कॅलेडियमची पानं पिवळी पडून लोळू लागतात. नवखे लोक घाबरून पाणी वाढवतात, आणि गड्डा तिथेच सडतो. झाड झोपायला निघालं आहे, झोपू द्या. पाणी थांबवा, पानं आपोआप वाळू द्या. कुंडीत असेल तर कुंडी आडवी करून छपराखाली सरकवा. जमिनीत असेल तर प्रत्येक गड्ड्यावर फुटक्या कौलाचा एक तुकडा खुणेला ठेवा. आमच्याकडे हा तुकडा नव्हता त्या वर्षी जानेवारीत मुळा पेरायला म्हणून वाफा खणला गेला, आणि नऊ गड्डे कुदळीखाली गेले. त्यातले अर्धे तुकडे जूनमध्ये तरीही फुटले, वाटेल तिथे, मुळ्याच्या भाजीच्या जुन्या ओळीत.